सिलातालचं पाणी

"त्या गोणीत काय आहे?" जब्बरसिंगनं हिंदीत विचारलं.

"लोखंड," मी म्हटलं.

तो हसला. डोंगर चढायला लोखंड घेऊन येणारी माणसं त्यानं आजवर पाहिली नसावीत. त्याच्या खेचरावर आमची वळकटी, तांदूळ आणि रॉकेलचा डबा चढला होता आणि तरी बरीच जागा उरली होती. त्यानं गोणीला हात घातला, तशी आबांनी ती ओढून आपल्या खांद्यावर घेतली.

"आबा, द्या की खेचरावर. उद्या दुपारपतोर चालायचंय."

"गळ जनावरावर टाकत न्हाईत, कुसे."

"का बरं?"

"न्हाई टाकत," असं म्हणून आबा चालायला लागले. वाट कुठं जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण वर जायचं आहे एवढं ठाऊक होतं.

माझे वडील गेनू मल्लाव. आम्ही भोई. उजनीच्या धरणाचं पाणी जिथवर फुगतं, तिथं काठाला आमचं गाव आहे. आबांचा धंदा मासेमारीचा. पण पंचक्रोशीत कुणी बुडालं, की पोलिसांची गाडी आमच्याच दारात येऊन उभी राहायची. मग आबा जाळं ठेवून गळ घ्यायचे. हा मासे धरायचा गळ नव्हे. गजाला चार वाकडे आकडे जोडलेले असतात, तो दोराला बांधून पाण्यात सोडायचा आणि तळ खरवडत न्यायचा. विहिरीतल्या, कालव्यातल्या, धरणातल्या कितीतरी माणसांना त्या गळानं वर आणलं होतं. त्यासाठी आबांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही.

त्या गोणीत तो गळ होता, दोर होता आणि ट्रकच्या चाकाची हवा काढलेली ट्यूब होती. ट्यूबवर पालथं पडून पाण्यात हिंडायची आमच्याकडची रीत आहे. दिल्लीच्या स्टेशनात पोलिसांनी गोणी उघडली, तेव्हा मी माझा एसटी कंडक्टरचा बिल्ला दाखवला. त्याचा तिथं काही उपयोग नव्हता, पण मला घाबरल्यावर बिल्ला दाखवायची सवय होती. शेवटी खरं काय ते सांगितलं. हवालदारानं गोणीचं तोंड स्वतः बांधून दिलं आणि आबांना नमस्कार केला.

आम्ही शहाजीला आणायला चाललो होतो.

शहाजी माझा पाठचा भाऊ. पुण्याची एक संस्था हौशी लोकांना हिमालयात चालायला न्यायची, त्यांच्याबरोबर तो स्वयंपाकाला जायचा. पाण्यावर पोट भरत नाही म्हणून त्यानं पाणी सोडलं होतं आणि आबांनी त्यासाठी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. त्या उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम गढवालातल्या या सिलातालला पडला. ताल म्हणजे तळं. डोंगराच्या कुशीत, देवदाराच्या रानात, ट्राउट माशांनी भरलेलं. लोक मुद्दाम परवाने काढून तिथं मासे धरायला जातात. वाऱ्यानं एका बाईंची टोपी उडाली आणि तळ्यात जाऊन पडली. बाई म्हणाल्या, राहू दे रे. हा म्हणाला, ताई, आमच्या घरात पाण्यात पडलेलं पाण्यात राहू देत नाहीत. शर्ट काढला आणि सूर मारला. टोपीपर्यंत पोचला, हात वर केला आणि मग खाली गेला. तो थट्टा करतोय असं वाटून बराच वेळ सगळे हसत होते. भोयाचं पोर बुडेल असं कुणाच्या मनात कशाला येईल?

सरकारी पथक आलं, पाणबुडे उतरले, दोन दिवस शोधून परत गेले. पाणी फार खोल आहे आणि आत फार वेळ राहता येत नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

निघताना आईनं आबांच्या हाती भाकरीचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "कसा का असंना, आना. मोकळ्या हातानं येऊ नगा."

आबा म्हणाले, "आनतो."

ते उगीच बोलले नव्हते. गाडीत सगळा वेळ ते हिशेब मांडत होते. बुडालेला माणूस उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी वर येतो. थंडीत चार दिवस जास्त घेतो, पण येतो. आमच्यात हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. काठावर रडणाऱ्या आयाबायांना आबा एकच गोष्ट सांगायचे, की पाणी कुणाला ठेवून घेत नाही. ते ऐकून बायका रडायच्या थांबायच्या आणि पाण्याकडं बघत बसायच्या.

"आपुन पोचूस्तवर वर आलेला असंल," आबा मला गाडीत म्हणाले. "काठाला लागला असंल. रानात कोल्हंबिल्हं असत्यात का गं तिकडं?"

मी म्हटलं, "मला काय ठावं, आबा."

त्यांना एवढीच काळजी होती.

वाट तशी अवघड नव्हती. दगड बसवलेली खेचरांची पायवाट, डाव्या हाताला खळाळत जाणारा ओढा, दोन्ही बाजूंना जुनी जुनी झाडं आणि त्यांच्या बुंध्यांना गुडघाभर शेवाळ. चढ होता, पण दम खाऊन चढलं तर कुणालाही जमेल असा. उतरणाऱ्या लोकांत साठीच्या बायका होत्या, शाळकरी मुलं होती. सगळ्यांच्या हातात काठ्या आणि तोंडावर हसू. "बस, थोडासा बाकी है, अंकल," असं ते आबांना सांगायचे. आबा त्यांना वाकून नमस्कार करायचे. मला मात्र त्या हसऱ्या तोंडांचा राग येत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या लोकांच्या हौसेचं मोल आम्ही दिलं होतं, असं माझ्या मनात यायचं. त्यांची काय चूक? पण राग काय विचारून येतो?

आबांनी बाजारातून नवे बूट घेतले होते. त्यांच्या पायांना चिखलाची सवय. पहिल्याच टप्प्यात बुटांनी टाचा सोलल्या. त्यांनी बूट काढून गळ्यात अडकवले आणि अनवाणी चालायला लागले.

जब्बरसिंग तळ्याचा राखणदार होता. परवाने तपासायचे, कुणी जाळं टाकत नाही ना हे पाहायचं, हे त्याचं काम. रेशन घ्यायला तो खाली उतरला होता आणि परत चालला होता. शहाजी बुडाला त्या दिवशी तो तिथंच होता. दोर फेकला होता त्यानं, पण धरायला वर कुणी नव्हतं.

"त्याला इचार, तळ कसा हाय. चिखल का खडक?" आबा म्हणाले.

"खडक. आणि बुडालेली झाडं," जब्बरसिंगनं सांगितलं.

"खोल किती?"

"कुणी मोजलं नाही. तळ नाहीच म्हणतात."

"लोकं समद्या पान्याला तसंच म्हनत्यात," आबा म्हणाले. "त्याला म्हनावं, तळ नसता तर पानी राह्यलं असतं का?"

मी हे हिंदीत सांगितलं. जब्बरसिंगनं मान हलवली आणि खेचराचा पट्टा उगीचच आवळत बसला. मग आबांनी विचारायला लावलं, की आतापर्यंत पाण्यावर काही दिसलं का. तो म्हणाला, तळ्यावर माझ्या जागी थांबलेल्या दोघांना सांगून ठेवलंय, दिसलं तर कळवतील. हे बोलताना त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, भला माणूस आहे, अवघडलाय.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर यायच्या आत आम्ही पोचलो.

वाट एका खिंडीतून वळली आणि समोर तळं आलं. मी आयुष्यात इतकी सुंदर जागा पाहिली नव्हती आणि तसं वाटल्याची मला त्याच क्षणी शरम वाटली. हिरवंगार पाणी, चारी बाजूंनी देवदार, मागं बर्फाचा डोंगर आणि तो अख्खा डोंगर पाण्यात उलटा. पाण्यावर एक पानसुद्धा नव्हतं. काठाकाठानं मासे फिरताना दिसत होते.

आबांनी डोंगराकडं मान वर केली नाही. गोणी खाली ठेवली आणि तळ्याला उजवं घालून चालायला लागले. वारा कुठून येतो ते बोट ओलं करून पाहिलं. वाऱ्याच्या अंगाला जिथं काड्याकचरा साठतो तिथं जाऊन वाकले, काठीनं कचरा बाजूला केला. मी मागून चालत होते. पूर्ण फेरी झाली. काही नव्हतं. जब्बरसिंगच्या झोपडीत खुंटीला एक पांढरी, रुंद काठाची टोपी टांगलेली होती. ती दुसऱ्याच दिवशी काठाला लागली होती, असं तो म्हणाला.

आबा पाण्याशी बसले, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पुष्कळ वेळ तसाच ठेवला. काढला तेव्हा तो लालभडक झाला होता. धोतराला पुसून त्यांनी तो काखेत धरला.

"लई गार हाय का?" मी विचारलं.

"ट्यूबीत हवा भर," ते म्हणाले.

तिथं एक दासबाबू म्हणून होते, देहराडूनचे, बँकेतून निवृत्त झालेले. दर वर्षी आठवडाभर येऊन एका तंबूत राहायचे आणि सकाळ-संध्याकाळ गळ टाकून बसायचे. बंगाली माणूस, मासा म्हणजे जीव की प्राण. आबांनी त्यांच्या हातातली गळाची काठी पाहिली आणि मला म्हणाले, "त्यांना सांग कुसे, पानी बंद हाय."

आमच्यात पाण्यात माणूस असला की त्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही. वर काढल्यावर वडीलधारा भोई हातपाय धुतो आणि पाणी मोकळं झालं म्हणून सांगतो, मग सगळ्यांचे धंदे सुरू होतात. उजनीत एकदा यासाठी आठवडाभर गाव उपाशी राहिलं होतं. पण ते आमचं गाव आणि हे परवाना काढून आलेले साहेब. मी चाचरत त्यांना सांगितलं. दासबाबूंनी ऐकून घेतलं, दोरी गुंडाळली, काठीचे तुकडे सुटे करून पिशवीत भरले आणि तंबूत जाऊन बसले. इतरांना कशाला, ज्याला मासा कळतो त्यालाच हे कळायचं, असं मला वाटलं.

आबा ट्यूबवर पालथे पडले आणि हातांनी पाणी मारत आत गेले. पायाला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक माझ्या आणि जब्बरसिंगच्या हातात होतं. काठापासून थोडं आत जाईतो गळ तळाला लागत होता. मग एकदम गळाचा दोर संपला आणि गळ नुसताच लोंबकळत राहिला. आबांनी गोणीची सुतळी जोडली, माझं लुगडं फाडून जोडलं, जब्बरसिंगनं खेचराचा दोर दिला. तरीही गळ अधांतरीच. थोड्या थोड्या वेळानं आबा काठाला यायचे. ओठ जांभळे पडलेले, बोटं वळलेली. शेकोटीशी बसायचे आणि पुन्हा जायचे. मी म्हणत होते, पुरे आबा. माझं कोण ऐकतंय.

दुसऱ्या दिवशी गळ अडकला. आबांनी दोराला हिसका दिला आणि मला वरच्या अंगानं ओढायची खूण केली. वजन होतं. ते वजन माणसाएवढं होतं. मी आणि जब्बरसिंग ओढत होतो. मला तो यायला हवा होता आणि तो दिसायला नको होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात असतात, हे मला त्या दिवशी समजलं.

वर आला तो ओंडका होता. देवदाराचं लांबोडकं खोड, फांद्या तुटलेल्या. आबांनी तो काठावर ओढून घेतला आणि त्याच्याकडं पाहत बसले. सालीला नख लावलं. साल ओलसर, घट्ट होती. खालून पिवळं लाकूड निघालं आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास सुटला.

"हा कंदी पडला इचार."

जब्बरसिंगनं पाहिलं. "कड्याच्या बाजूचा आहे. तिकडची झाडं माझ्या आजोबांच्या वेळी दरड कोसळून तळ्यात गेली."

मी ते आबांना सांगितलं. त्यांनी गळाचे आकडे एकेक करून ओंडक्यातून सोडवले, पुसले आणि गोणीत ठेवले. त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. काठावरच्या एका सपाट दगडावर बसून राहिले.

जब्बरसिंगनं मला लाकडं गोळा करायला म्हणून रानात बोलावलं.

"दीदी," तो म्हणाला, "मी तुम्हाला खालीच सांगायला हवं होतं. बाप इतक्या लांबून आला होता, जीभ रेटली नाही. हे तळं परत देत नाही."

"म्हणजे?"

"माझ्या लहानपणी एक खेचर पडलं होतं, सामानासकट. वर आलंच नाही. खाली इतकी थंडी आहे, की काही सडत नाही. सडलं तर फुगणार, फुगलं तर वर येणार. तुमच्याकडं पाणी गरम असतं. इथं जे गेलं ते जसंच्या तसं राहतं. आठवडाभर बसलात तरी आणि वर्षभर बसलात तरी."

मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, मग वाटेत आमच्याशी नाटक कशाला केलंस? तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्यावर चिडून काय होणार होतं? मी लाकडं उचलली आणि परत आले. आता हे आबांना सांगायचं होतं. घरातली सगळी वाईट बातमी सांगायचं काम आजवर आबांनी केलं होतं. पोलीस पाटीलसुद्धा त्यांनाच पुढं घालायचे. मला त्याची सवय नव्हती.

मी दोन दिवस सांगितलं नाही. आबा पहाटे उठायचे, दगडावर बसायचे, उन्हं कलली की झोपडीत यायचे. भाताचे दोन घास खायचे. दासबाबू लांबून बघायचे, पण काठी बाहेर काढायचे नाहीत. येणारे जाणारे ट्रेकवाले फोटो काढायचे आणि आबांना पाहून त्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. तळ्यात मासे उड्या मारत होते आणि प्रत्येक उडीला आबांची मान तिकडं वळत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"आबा, जब्बरसिंग काय म्हनतोय..."

"ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"आलो त्या दिशी हात घातला तवाच कळलं. हे पानी कुजवायचं न्हाई. कुजवलं न्हाई तर उचलायचं न्हाई." ते पाण्याकडंच बघत बोलत होते. "मग तो ओंडका आला. मग काय राह्यलंच न्हाई."

"मग बसलाय कशाला, आबा?" माझा आवाज चढला. "चार दिस झालं. आई तिकडं जीव टांगून बसलीय. ठावं व्हतं तर बसलाय कशाला हितं?"



"आजपतोर किती मानसं बसवली मी काठावर," ते म्हणाले. "थांबा म्हनायचो, पानी देतंय म्हनायचो. मी आपला ट्यूबीवर, ती काठावर. म्हटलं बघावं, बसल्यावर मानसाला काय व्हतं."

"काय व्हतं?"

"काय न्हाई. नुसतं बसावं लागतं."

मला रडू फुटलं. दौंडपासून इथवर मी रडले नव्हते. आबांनी मला जवळ घेतलं नाही, तशी आमच्यात रीतही नव्हती. पण ते सरकून माझ्या अंगाला अंग लावून बसले. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "म्हंजी तो तसाच ऱ्हानार?"

"व्हय."

"त्या दिशी व्हता तसाच?"

"व्हय, आबा."

"कुठवर?"

उन्हं पार डोंगराआड गेली तरी आम्ही तिथंच होतो.

सकाळी आबांनी ट्यूबचं बूच काढलं. हवा सुटायला वेळ लागला. दोर धुऊन, पिळून त्यांनी गुंडाळला, माझ्या लुगड्याच्या चिंध्या सोडवून मला परत दिल्या. मग काठावर बसून हातपाय धुतले, पाण्याला हात जोडले आणि दासबाबूंच्या तंबूकडं गेले. मी मागून धावले, कारण आबांना हिंदी येत नव्हतं. पण त्यांनी माझी वाट पाहिली नाही. दासबाबू बाहेर आले तशी आबांनी तळ्याकडं हात केला.

"पानी मोकळं झालं," आबा म्हणाले. "धरा मासं."

दासबाबूंना शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. त्यांनी मान हलवली. नको, नको, म्हणाले. आबांनी पुन्हा हात केला आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना पिशवीपर्यंत नेलं. म्हाताऱ्यानं काठी जोडली आणि काठावर जाऊन दोरी टाकली. आबा ती पाण्यात पडेपर्यंत उभे राहिले, मग गोणी उचलून वाटेला लागले. खिंडीपाशी मी वळून पाहिलं. आबांनी पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. म्हणाले, "तिला मी सांगीन. तू मदी पडू नगंस." मला सुटल्यासारखं झालं. या कामात त्यांच्याइतका सरावलेला माणूस सगळ्या तालुक्यात नव्हता. उलटसुलट न बोलता, खोटा दिलासा न देता, दुःख माणसाच्या ओंजळीत कसं ठेवायचं, हे त्यांना येत होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हाच गावाला कळलं होतं, की आबांच्या खांद्यावर गोणीच आहे, दुसरं काही नाही. आई उंबऱ्यात बसली होती. आठ-दहा बायका भोवती. इतक्या दिवसांत चूल पेटली नव्हती. शेजारणी आणून घालतील ते दोन घास ती गिळत होती. डोळे कोरडे होते. आम्हाला पाहून ती उठली नाही, ओरडली नाही. नजर नुसती आबांच्या हातांवर होती.

आबा तिच्यापुढं खाली बसले.

"न्हाई गावला," ते म्हणाले. "लई केलं. न्हाई गावला."

बायकांत कुजबुज झाली. मग अगदी हळू, जणू काही आजारी पोराची चौकशी करावी तसं आईनं विचारलं, "लई गार व्हतं का वो पानी?"

आबा तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा तो हात, कोपरापर्यंत लाल झालेला, मला आठवला. त्यांना तोच आठवत असणार. तोंडात आलेलं त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "न्हाई गं. आपल्यावानीच व्हतं. कोमट."

आबा पाण्याबद्दल खोटं बोलले, असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांना तिची माया आली. दुसरं काय? पोर गारठून पडलंय हे कुठल्या आईला सांगवेल? शेजारच्या बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मलाही क्षणभर वाटलं, बरं केलंत आबा.

आईची मान वर झाली.

"आपल्यावानी?"

"व्हय."

"तुमी तितं किती दिस व्हता?"

"व्हतो की. पाच-सा दिस."

"आन् त्याच्या आदीचं दिस?"

आई थांबली नाही. ती आमच्याच जातीत जन्मलेली, आमच्याच काठाला वाढलेली बाई. बापाच्या ट्यूबचा दोर धरून उभी राहिलेली पोर. तिनं बोटांवर हिशेब केला आणि तो करताना तिच्या तोंडावरचा रंग बदलत गेला.

"मग तो वर आला असता," ती म्हणाली. "असल्या पान्यात तिसऱ्या दिशी आला असता. आला न्हाई म्हंजी तो त्यात न्हाईच." तिनं बायकांकडं पाहिलं. "ऐकलं का गं? शाजी पान्यात न्हाईच. कुटं तरी भाईर निगाला आसंल पोहत. रागावून गेलतं पोरगं, बापावर रागावून. कुटं तरी हाय त्यो."

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी ते मिटलं. पाणी बर्फाचं होतं असं आता सांगायचं, तर तिच्या हातात आत्ताच आलेलं पोर काढून घ्यायचं. आणि न सांगायचं, तर तिला जन्मभर वाट बघायला लावायची. आबांना दोन्ही दिसत होतं. कुठल्याही काठावर असल्या पेचात ते सापडले नव्हते, आणि सापडले तेव्हा स्वतःच्या उंबऱ्यात.

आई उठली. बायकांना म्हणाली, "जावा गं आपापल्या घरी. रडू नगा माज्या दारात." पदर खोचून ती आत गेली, चुलीतली राख काढली, काटक्या लावल्या. धूर निघाला. पुढं बारा-तेरा वर्षं ती जगली, पण शहाजीचे दिवस तिनं घालू दिले नाहीत. आबांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि पोलिसांची गाडी दारात आली की ते पाहुण्याच्या गावाला गेलेत असं आई बाहेर येऊन सांगायची.

त्या दिवशी मात्र तिनं कितीतरी दिवसांनी पीठ मळलं. "हातपाय धुवा," ती आतून म्हणाली. "भुकेजलं असाल."

आबांनी हातपाय धुतले आणि पाटावर जाऊन बसले. तिनं तव्यावरची गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली, वर कांदा फोडून ठेवला. आबा मान खाली घालून जेवले. तिनं दुसरी वाढली, तीही त्यांनी खाल्ली.